मामांच्या कपाटातली लाल खोकी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मामा गेले, त्यांचं कपाट आवरताना तोशिबाचा एक एचडी डीव्हीडी प्लेअर आणि लाल प्लॅस्टिकच्या खोक्यांतल्या साठ-सत्तर डिस्क निघाल्या. घरातले म्हणाले, "सगळं जग ब्लू-रे घेत होतं आणि यांनी हे गोळा केलं." लोकांना तेव्हा खरंच आधी कळलं होतं का, मामा चुकले की फसले, अशा लोकांना काही भरपाई मिळाली का, आणि आता या डिस्क टाकून द्यायच्या का, असं तुम्ही विचारलंय.

डिस्क टाकू नका. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगतो. आधी मामांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात खरी बोच तिथे आहे.

होम थिएटर बसवणं आणि प्लेअर दुरुस्त करणं हे काम मी पंचवीस वर्षांहून जास्त करतोय. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या डीव्हीडीनंतरच्या, जास्त स्पष्ट चित्राच्या दोन प्रतिस्पर्धी डिस्क. २००६ ते २००८ या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न "यातलं कोणतं घेऊ?" हाच होता. माझ्या शब्दावर लोकांनी दोन्ही बाजूंची मशिनं घेतली. मामांसारख्या माणसांबद्दल त्यामुळे मला त्रयस्थासारखं बोलता येत नाही.

"सगळं जग ब्लू-रे घेत होतं" हे मुळात खरं नाही. सगळं जग डीव्हीडी घेत होतं आणि त्यात खूश होतं. डीव्हीडी जपानमध्ये १९९६च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९७मध्ये आली. कॅसेटवरून डीव्हीडीवर येताना माणसाला किती गोष्टी मिळाल्या बघा: रिवाइंड करणं संपलं, फीत झिजणं संपलं, हवा तो प्रसंग एका बटणावर, आणि कपाटात जागाही निम्मी. डीव्हीडीवरून पुढे जाताना मिळणार होतं ते मुख्यतः चांगलं चित्र. तेही घरात एचडी टीव्ही असेल तर, आणि त्याच्या पुरेसं जवळ बसत असाल तर.

हे मी घरोघरी अनुभवलंय. एकच प्रसंग आधी डीव्हीडीवर आणि मग नव्या डिस्कवर लावायचो. बत्तीस इंची टीव्हीपासून चार मीटरवर सोफा असला की घरातले एकमेकांकडे बघायचे, कुणाला काही वेगळं दिसायचं नाही. मग एक खुर्ची दीड मीटरवर ओढून त्यांना तिथे बसवलं की शर्टाच्या कापडाची वीण दिसायची, दूरच्या पाटीवरची अक्षरं वाचता यायची, आणि चेहरा बदलायचा. पण रोज खुर्ची ओढून सिनेमा बघायला कोण बसणार? शिवाय साधी डीव्हीडी एचडी टीव्हीसाठी मोठी करून दाखवणारे प्लेअर तोवर स्वस्त झाले होते. बहुसंख्य लोकांची प्रतिक्रिया म्हणून एका वाक्यात मावायची: सध्या आहे ते ठीक आहे, यांचं भांडण मिटू दे.

आता भांडण कशाचं, तेवढंच थोडक्यात. दोन्हीकडे लेसर एकच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीसारखाच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत, म्हणजे दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली डिस्क. एका थरात १५ जीबी, दोन थरांत ३०. ब्लू-रेत हा थर पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर खाली, त्यामुळे खुणा आणखी दाट कोरता आल्या: २५ आणि ५० जीबी. एचडी डीव्हीडीवाल्यांचं म्हणणं, आमची डिस्क जुन्या डीव्हीडी कारखान्यांत थोड्या फेरफाराने निघते. ब्लू-रेवाल्यांचं म्हणणं, आमच्याकडे जागा जास्त. तोशिबा आणि एनईसी एका बाजूला. सोनी, फिलिप्स, पॅनासॉनिक, पायोनियर वगैरे दुसऱ्या. २००५मध्ये एकच प्रकार ठरवण्यासाठी बोलणी झाली आणि फिसकटली.

त्या फिसकटण्याचा राग फार खोल होता, आणि तो रास्त होता असं मला आजही वाटतं. कारण याच कंपन्यांनी दहा वर्षांपूर्वी शहाणपण दाखवलं होतं. डीव्हीडीच्या आधीही दोन प्रस्ताव होते, सोनी-फिलिप्सचा एक आणि तोशिबा व टाइम वॉर्नर गटाचा दुसरा. संगणक कंपन्यांनी दबाव आणला, १९९५मध्ये तडजोड झाली, आणि ग्राहकाला कधी निवड करावीच लागली नाही. डीव्हीडी इतकी झपाट्याने पसरली त्यामागे हे मोठं कारण आहे. या वेळी मात्र पैजेचे पैसे ग्राहकाने भरायचे होते. वयाने मोठी गिऱ्हाइकं मला बीटामॅक्सची आठवण काढून दाखवायची. १९७५ची ती कॅसेट सुरुवातीला एकच तास चालायची, पुढच्या वर्षी आलेली व्हीएचएस दोन तास. ज्यांच्या घरी बीटाच्या कॅसेटी पडून राहिल्या होत्या, ते या खेपेला खिशात हात घालायलाच तयार नव्हते. वाट पाहणाऱ्यांना काही लोक तेव्हा अडाणी म्हणायचे. माझ्या मते ते सगळ्यांत नीट हिशेब केलेले लोक होते.

मग ज्यांनी घेतलं त्यांनी का घेतलं? इथे मामांची बाजू येते.

अमेरिकेत एप्रिल २००६मध्ये तोशिबाचा पहिला प्लेअर, एचडी-ए१, ४९९ डॉलरला आला. दोन महिन्यांनी सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरला. थेट दुप्पट. त्यातून एचडी डीव्हीडीचे नियम पहिल्या दिवसापासून पक्के होते. प्रत्येक प्लेअरला नेटवर्कची जोडणी हवीच, चित्रात चित्र दाखवता यायलाच हवं. ब्लू-रेचे नियम टप्प्याटप्प्याने आले, आणि पहिल्या वर्षातल्या बऱ्याच मशिनांना नंतरच्या डिस्कवरच्या काही सोयी कधीच वापरता आल्या नाहीत. म्हणजे जिंकलेल्या बाजूनेही आपल्या पहिल्या गिऱ्हाइकांना मागे सोडलं, हे आज कुणी बोलत नाही. एचडी डीव्हीडीला प्रदेशाचं कुलूप नव्हतं. कुठल्याही देशातली डिस्क कुठल्याही प्लेअरवर चालायची. अमेरिकेत फक्त ब्लू-रेवर मिळणारे काही सिनेमे युरोपात एचडी डीव्हीडीवर निघायचे, आणि हौशी लोक ते मागवायचे. प्लेअरबरोबर पाच डिस्क टपालाने मोफत, अशी योजनाही होती. मामांच्या साठ-सत्तरमधल्या काही अशाच आलेल्या असण्याची शक्यता आहे.

तोशिबाचं पहिलं मशीन मी उघडलं तेव्हा थक्क झालो होतो. आत चक्क संगणक: पेंटियम ४ प्रोसेसर, त्यावर पंखा, १ जीबी मेमरीची पट्टी, आणि चालत होतं लिनक्स या संगणकाच्या प्रणालीवर. त्यातले सुटे भाग बघूनच कळत होतं की विक्रीच्या किमतीत कंपनीचा खर्च निघत नसणार. बटण दाबल्यावर उठून पाणी पिऊन यावं, तोवर ते सुरू होत असायचं. पण एकदा चित्र आलं की ते चित्र त्या वर्षीच्या कित्येक ब्लू-रे डिस्कपेक्षा सरस असायचं. सुरुवातीच्या ब्लू-रे एकाच थराच्या आणि चित्र दाबून बसवण्याच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीने भरलेल्या असत. २००६च्या उन्हाळ्यात दोन्ही शेजारी ठेवून डोळ्यांनी बघणारा माणूस लाल खोकं उचलून घरी गेला, तर त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवला होता एवढंच.

पारडं फिरलं ते प्लेस्टेशन ३मुळे. नोव्हेंबर २००६मध्ये आलेल्या त्या गेमच्या यंत्रात ब्लू-रे आतच होतं. २००७ संपेपर्यंत जगभरात एक कोटीच्या आसपास यंत्रं गेली. एचडी डीव्हीडीची सगळ्या प्रकारची मशिनं शेवटपर्यंत मोजली तरी दहा लाखांच्या घरात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेमच्या यंत्रासाठी एचडी डीव्हीडीचा जोड-ड्राइव्ह १९९ डॉलरला होता, पण तो वेगळा विकत घ्यावा लागायचा, आणि सगळा फरक तिथेच पडला. लाल बाजूचे लोक म्हणायचे, "प्लेस्टेशन म्हणजे मुलांची खेळणी, मोजू नका." पण ती मुलं, आणि मुलांचे बाप, डिस्क घेत होते. २००७च्या सुरुवातीपासून अमेरिकेतल्या आठवड्याच्या विक्रीत ब्लू-रे डिस्क पुढे गेल्या, बऱ्याचदा दुपटीने.

त्या काळातली कटुता तुम्ही जुन्या पानांवर वाचली असेल आणि नवल वाटलं असेल की डिस्कवरून माणसं इतकी का भांडतात. मी ते जवळून पाहिलंय. एक गृहस्थ दर आठवड्याला विक्रीच्या टक्केवारीचा कागद छापून आणायचे आणि माझ्या टेबलावर ठेवून एकेका आकड्यावर बोट ठेवायचे. सज्जन माणूस, एरवी अतिशय शांत. पण त्यांनी चाळीस डिस्क घेतल्या होत्या. फ्रिज घेतला की शेजाऱ्याने कोणता घेतला याने आपल्या फ्रिजला फरक पडत नाही. इथे पडतो. शेजाऱ्याने दुसरी बाजू घेतली की आपल्या बाजूला येणारे सिनेमे कमी होतात. मशिनात अडकलेला पैसा थोडा, खरा पैसा त्या फडताळात. त्या गृहस्थांना मी एक वाक्य वारंवार सांगायचो: मशीन घ्या, पण भांडण मिटेपर्यंत डिस्क भाड्याने आणा. त्यांना ते पटायचं नाही, कारण त्यांना संग्रहच करायचा होता. मामांचंही तसंच असावं असं त्या साठ-सत्तर डिस्कवरून दिसतं.

ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन हे सिनेमा स्टुडिओ फक्त एचडी डीव्हीडीकडे गेले. त्यासाठी मोठी रक्कम मोजली गेल्याच्या बातम्या आल्या. निळ्या, म्हणजे ब्लू-रेच्या, बाजूचे खवळले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने तोशिबाचा एचडी-ए२ हा प्लेअर ९८.८७ डॉलरला विकला आणि रांगा लागल्या. त्या आठवड्यात मला कितीतरी जणांनी विचारलं. मी म्हटलं, घ्या. हे हरलं तरी तुमच्या जुन्या डीव्हीडी यावर मोठ्या टीव्हीसाठी छान दिसतील, आणि शंभर डॉलरमध्ये तेवढंही पुरेसं आहे. त्या सल्ल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मग सगळं फार वेगाने झालं. ४ जानेवारी २००८ला वॉर्नर या सिनेमा स्टुडिओने जाहीर केलं की यापुढे फक्त ब्लू-रे. लास व्हेगासच्या मोठ्या प्रदर्शनातली एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद रद्द झाली. "एचडी डीव्हीडी वाचवा" म्हणून ऑनलाइन अर्जावर हजारो सह्या झाल्या. तोशिबाने किमती आणखी उतरवल्या, फेब्रुवारीच्या सुरुवातीला अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यात महागडी जाहिरातही केली. पण तेव्हा टपालाने डिस्क भाड्याने देणारी नेटफ्लिक्स, आणि बेस्ट बाय व वॉलमार्ट या दुकानसाखळ्या एकाच आठवड्यात ब्लू-रेकडे गेले आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. वॉर्नरच्या घोषणेपासून मोजलं तर सहा-सात आठवडे.

म्हणून माझं म्हणणं असं की मामा चुकले का, हे त्यांनी कधी घेतलं यावर अवलंबून आहे. बिल किंवा हमीपत्र खोक्यात असेल तर तारीख बघा. २००६ची असेल तर त्यांनी समोर दिसणारं चांगलं आणि स्वस्त निवडलं. २००७च्या नोव्हेंबरची असेल तर बहुधा स्वस्त सौदा साधला. जानेवारी २००८नंतरची असेल, तर दोन शक्यता: एकतर बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नाही, नाहीतर सगळं माहीत असून पडत्या भावात त्यांनी संग्रह पुरा केला. असं करणारे पुष्कळ होते. माघारीनंतर डिस्क कवडीमोल भावाने विकल्या गेल्या आणि सिनेमाच्या वेड्यांनी टोपल्या भरून नेल्या. फसवणूक म्हणावी अशी पाळी मी स्वतःवर आलेली पाहिली आहे. जानेवारीच्या शेवटी एका घाऊक विक्रेत्याने मला वीस डिस्कचं खोकं "दोन्ही प्रकार अजून पाच वर्षं चालणार" असं सांगून पूर्ण किमतीला दिलं आणि महिन्याभरात फोन उचलणं बंद केलं. मामांच्या बिलावर तसं काही दिसलं तर ती चूक विकणाऱ्याची धरा.

भरपाई मिळाली का, हेही तुम्ही विचारलंय. थोडी मिळाली. बेस्ट बायने त्यांच्याकडून प्लेअर घेतलेल्यांना ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. जपानमध्ये एडिऑन या दुकानसाखळीने एचडी डीव्हीडी यंत्रं बदलून ब्लू-रे देण्याची सोय केली. वॉर्नरने नंतर एक योजना काढली: डिस्कच्या खोक्यातलं छापील मुखपृष्ठ पाठवा, प्रत्येकी ४.९५ डॉलर आणि टपालखर्च भरा, त्याच सिनेमाची ब्लू-रे मिळेल. मामांची काही खोकी मुखपृष्ठाशिवाय, नुसती लाल पारदर्शक दिसत असतील तर त्यांनी हीच योजना वापरली असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर कपाटात निळी खोकीही शोधा. याआधी १९९९मध्ये डिव्हएक्स नावाची, ४८ तासांनी कुलूपबंद होणारी डिस्क बंद पडली तेव्हा प्लेअरवाल्यांना १०० डॉलर परत मिळाले होते, पण ती यंत्रणा २००१च्या मध्यावर बंद केल्यावर डिस्क निकामीच झाल्या. मामांच्या डिस्कना कुठल्याही कंपनीला विचारावं लागत नाही. हा फरक फार मोलाचा आहे, आणि म्हणूनच टाकू नका म्हणतोय.

आता कामाचं. डिस्क चिकटवलेल्या दोन चकत्यांची असते हे वर सांगितलं, आणि तिचा मुख्य आजारही तिथूनच येतो. वर्षांनुवर्षांनी चिकट थर सुटतो किंवा ढगाळतो. प्रत्येक डिस्क उजेडासमोर तिरकी धरून कडेला बघा. धुरकट पट्टा, मोरपंखी कडी किंवा बुडबुड्यासारखी नक्षी दिसली तर ती डिस्क आधी लावून बघा, कारण ती पुढे बिघडतच जाणार. पुसल्याने हे जात नाही. एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असलेल्या डिस्क मी सगळ्यांत जास्त बिघडलेल्या पाहिल्या. त्यांवर चित्र छापलेलं नसतं, मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरांत नाव असतं. त्यांची डीव्हीडी बाजू कुठल्याही साध्या प्लेअरवर चालून जाते, फक्त तिला प्रदेशाचं कुलूप असू शकतं.

प्लेअर बरीच वर्षं बंद असेल तर झाकणाच्या फटींतली धूळ आधी काढा. एचडीएमआयने नव्या टीव्हीवर चित्र आलं नाही तर मशीन मेलं असं समजू नका. दोघांची ओळख पटत नसते. टीव्हीचं दुसरं सॉकेट बघा, नाहीतर तीन रंगांच्या कॉम्पोनंट केबलने जोडा. डिस्क सुरू होऊन सिनेमाच्या मध्यावर थांबली तर एका थरावरून दुसऱ्यावर जाताना अडखळतेय. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसून पुन्हा लावा. तीनदा त्याच ठिकाणी थांबली तर ती गेली. एक्सबॉक्सचा तो जुना जोड-ड्राइव्ह मिळाला तर संगणकाला यूएसबीने जोडून या डिस्क वाचता येतात. डिस्कवरचं प्रत-बंदीचं कुलूप काढून प्रत करणं तुमच्या देशात कायद्याने चालतं का, ते मात्र आधी पाहून घ्या.

आधी एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी असलेल्या डिस्क वेगळ्या काढा आणि दर रविवारी दोन-दोन पूर्ण लावून बघा. ज्या चालतील त्यांची नावं इथे लिहा. त्यांतल्या काहींची तीच आवृत्ती पुढे ब्लू-रेवर आलीच नाही, आणि कोणत्या आल्या नाहीत ते मी यादी बघून सांगतो.